विश्लेषण : मताधिकार नसताना परदेशातून देशाचे राजकारण... वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंनी ते कसे केले?

बदनापूर तालुक्यातून शिकून अमेरिकेत नोकरीला गेलेल्या तरुणाकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याला बदनापूर विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव नोंदवता येते. मत देण्यासाठी मात्र त्याला विमानाने गावी यावे लागते. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, तर इथले मत कायमचे जाते. पण मग तो पुण्यात किंवा संभाजीनगरात येऊन राहिला तरी अमेरिकेच्या अध्यक्षासाठी टपालाने मत देऊ शकतो. परदेशात राहणाऱ्यांचा आपल्या देशाच्या राजकारणात वाटा किती असावा, हा वाद त्यामुळे प्रत्येक निवडणुकीत डोके वर काढतो. सव्वाशे वर्षांपूर्वी वर्ध्यातून निघालेल्या एका विद्यार्थ्याने हा प्रश्न आयुष्यभर अंगावर घेतला. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. क्रांतिकारक म्हणून तो निघाला आणि मक्याचा शास्त्रज्ञ म्हणून परतला. परतला तेव्हा त्याच्या हातात परदेशी पासपोर्ट होता.

खानखोजे कोण होते?

खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८८०च्या दशकात वर्ध्यात झाला. वडील अर्जनवीस होते. कचेरीत येणाऱ्यांचे अर्ज-विनंत्या लिहून देणे, हा त्यांचा पेशा. मुलाने पुढे सरकारपुढे एकही विनंती करायची नाही असे ठरवले, हा योगायोग गमतीचा आहे. वर्ध्यात प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण, मग नागपूर. त्या काळात वऱ्हाड-नागपूरच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांवर लोकमान्य टिळकांचा मोठा प्रभाव होता. पांडुरंग त्यातलाच एक. त्याला सशस्त्र उठावाची ओढ होती आणि त्यासाठी लष्करी शिक्षण हवे होते. ते भारतात मिळणे शक्य नव्हते. जपानने १९०५ मध्ये रशियाला हरवल्यामुळे आशियाभर तरुणांच्या नजरा तिकडे लागल्या होत्या. टिळकांच्या सल्ल्याने खानखोजेही आधी जपानला आणि तिथून प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेला गेले.

कॅलिफोर्नियात त्यांनी दोन वाटा एकदम धरल्या. दिवसा शेतकीचे शिक्षण आणि जमेल तेव्हा लष्करी कवायत. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन राफेल येथील माउंट तमालपाइस मिलिटरी अकॅडमीत त्यांनी प्रवेश घेतला. शेतकीचा अभ्यास पुढे वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात पूर्ण झाला, तो १९१३ मध्ये. शिक्षणाचा खर्च घरून येण्यासारखा नव्हता, त्यामुळे मजुरी करणे आलेच. त्या मजुरीनेच त्यांना खऱ्या राजकारणाकडे नेले.

अमेरिकेतल्या भारतीयांचे राजकारण सुरू कसे झाले?

त्या वेळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काही हजार भारतीय होते. बहुतेक पंजाबातले शीख शेतकरी, त्यातले बरेच ब्रिटिश फौजेतून निवृत्त झालेले. लाकूड कापण्याच्या गिरण्या, रेल्वेचे रूळ आणि फळबागा ही त्यांची कामाची ठिकाणे. गोऱ्या मजुरांना वाटे की हे लोक कमी पैशांत राबून आपला रोजगार घालवतात. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात जमावाने भारतीय मजुरांच्या खोल्यांवर हल्ला केला आणि त्यांना गावाबाहेर हाकलले. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असूनही ब्रिटिश सरकार त्यांच्या मदतीला आले नाही. चीन आणि जपानच्या सरकारांनी निदान निषेध तरी नोंदवले होते. ज्याच्या पाठीशी स्वतःचे सरकार नाही, त्याला परदेशात काय किंमत असते, हे या मजुरांना कुणी व्याख्यान देऊन शिकवावे लागले नाही.

खानखोजे त्यांच्यात मिसळले. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एकीकडे बर्कले, स्टॅनफर्डमधले मूठभर विद्यार्थी आणि विचारवंत होते आणि दुसरीकडे गिरणीतले पंजाबी कामगार. भाषा, धर्म, शिक्षण, सगळेच वेगळे. त्यांना जोडणारे जे थोडे लोक होते, त्यात हा मराठी विद्यार्थी होता. बंगालचे तारकनाथ दास यांच्याबरोबर त्यांनी भारताच्या स्वातंत्र्यासाठी एक छोटी संघटना उभी केली होती. ओरेगॉनमध्ये पोर्टलंडच्या आसपास पंडित काशीराम आणि सोहनसिंग भाकना यांच्याशी त्यांचे जुळले. शेतांवर काम करणारे मेक्सिकन मजूरही त्यांना याच काळात भेटले. मेक्सिकोत १९१०ची क्रांती पेटली होती आणि जमीन हा तिचा मुख्य प्रश्न होता. ही ओळख पुढे आयुष्य वळवणार होती.

गदर पक्षात मराठी माणसे होती का?

१९१३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या भारतीयांची मोठी संघटना बनली. सोहनसिंग भाकना अध्यक्ष, लाला हरदयाळ सरचिटणीस, काशीराम खजिनदार. सॅन फ्रान्सिस्कोत ‘युगांतर आश्रम’ नावाने कचेरी निघाली आणि १ नोव्हेंबर १९१३ रोजी ‘गदर’ हे उर्दू साप्ताहिक सुरू झाले. पाठोपाठ पंजाबी आवृत्ती आली. नाव १८५७च्या उठावावरून घेतलेले. पत्राच्या नावावरूनच पक्षाला गदर पक्ष म्हणू लागले. पैसा मजुरांच्या वर्गणीतून येई. आजच्या भाषेत सांगायचे तर परदेशस्थ समाजाने स्वतःच्या खिशातून चालवलेले ते माध्यम होते आणि जिथे जिथे भारतीय होते, तिथे ते टपालाने पोहोचत होते.

पक्षाचे काम दोन भागांत होते. प्रचार हरदयाळ पाहत. प्रत्यक्ष कृतीची, म्हणजे हत्यारे चालवण्याच्या तयारीची बाजू खानखोजेंकडे होती. त्यांच्यासोबत होते विष्णू गणेश पिंगळे. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे पिंगळे इंजिनीअरिंग शिकायला अमेरिकेत आले होते. १९१४च्या अखेरीस ते करतारसिंग सराभा यांच्याबरोबर भारतात परतले, लष्करी छावण्यांत उठाव घडवण्याच्या कटात सामील झाले आणि मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात त्यांना सराभांसोबत फाशी झाली. पंजाबात गदरची आठवण घरोघर टिकली. महाराष्ट्रात पिंगळ्यांचे नाव तळेगावाबाहेर फारसे निघत नाही, हे खरे.

परदेशातून राजकारण करण्याचा हा एकमेव मार्ग नव्हता. लाला लजपतराय १९१४ नंतर काही वर्षे अमेरिकेत होते. त्यांनी १९१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इंडिया होमरूल लीग काढली, मासिक चालवले, अमेरिकी खासदारांना आणि संपादकांना गाठले. या कामात त्यांचे सहकारी होते डॉ. ना. सु. हर्डीकर, पुढे हिंदुस्थानी सेवा दलामुळे ओळखले गेलेले. उघड, कायद्यात राहून, जनमत वळवण्याचे हे काम. खानखोजेंचा स्वभाव त्या वाटेचा नव्हता.

अमेरिकेने या राजकारणाकडे कसे पाहिले?

सुरुवातीला दुर्लक्ष, मग पाळत आणि शेवटी खटला. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्यातला अधिकारी विल्यम हॉपकिन्सन याला हिंदुस्थानी भाषा येत होती. सीमेच्या दोन्ही बाजूंना फिरून तो क्रांतिकारकांच्या बातम्या ब्रिटिशांना पुरवत असे. ऑक्टोबर १९१४ मध्ये व्हँकुव्हरच्या न्यायालयात मेवासिंग यांनी त्याला गोळी घातली. हरदयाळ यांना अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्याआधीच, मार्च १९१४ मध्ये अटक केली होती. जामिनावर सुटताच ते युरोपात निघून गेले. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने उतरली. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोत गदर नेत्यांवर आणि जर्मन अधिकाऱ्यांवर अमेरिकेच्या तटस्थतेचा भंग केल्याचा खटला चालला. एप्रिल १९१८ मध्ये भर न्यायालयात गदरचे संपादक रामचंद्र यांचा त्यांच्याच एका माजी सहकाऱ्याने खून केला.

ज्या देशात राहायचे त्याच्या भूमीवरून तिसऱ्या देशाविरुद्ध लढा चालवायचा की नाही, हा प्रश्न तेव्हा न्यायालयात गेला आणि उत्तर गदरच्या विरोधात आले. आजही परदेशातल्या भारतीयांच्या, आणि इतरही समाजांच्या, मोर्चांवरून देशादेशांत कटुता येते. त्या वादाची मुळे इतकी जुनी आहेत.

खानखोजे तोपर्यंत अमेरिकेत नव्हते. महायुद्ध सुरू होताच ते युरोप आणि तुर्कस्तानमार्गे इराणात पोहोचले. तिथून बलुचिस्तानात घुसून भारताच्या सीमेवर उठाव घडवायचा, असा बेत होता. ब्रिटिशविरोधी टोळ्यांबरोबर त्यांनी डोंगर-वाळवंटात दिवस काढले आणि हल्ल्यांत भाग घेतला. धाडस मोठे होते. पण लष्करी हिशेबात त्यातून काही साधले नाही. युद्ध संपले तेव्हा जर्मनी हरली होती, तुर्कस्तान कोसळले होते आणि खानखोजेंना परतायला घर उरले नव्हते. ब्रिटिशांच्या काळ्या यादीत नाव गेले होते. १९२१ मध्ये बर्लिनमधले भारतीय क्रांतिकारक मॉस्कोला गेले, त्यात तेही होते. तिथूनही हाती काही लागले नाही.

मेक्सिकोच का?

अमेरिकेचे दार एव्हाना बंद झाले होते. १९१७च्या इमिग्रेशन कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना मज्जाव केला. जे आधीच तिथे होते, त्यांच्यावर १९ फेब्रुवारी १९२३ रोजी घाव बसला. अमेरिकी फौजेत नोकरी केलेल्या भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व देता येणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. कायद्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाने भारतीय माणूस गोरा नाही, असे त्याचे कारण. मग आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्याची मोहीम सुरू झाली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही, त्यांना शेतजमीन घेता येत नव्हती. म्हणजे एका निकालाने मत गेले आणि जमीनही गेली. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगाई यांनी नागरिकत्व गमावल्यानंतर १९२८ मध्ये आत्महत्या केली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही सरकारने दावा लावला. पंडितांनी मात्र तो लढवला आणि स्वतःचे नागरिकत्व राखले. ही मोहीम त्यानंतर थंडावली. भारतीयांना अमेरिकी नागरिकत्वाचा हक्क कायद्याने मिळाला तो जुलै १९४६ मध्ये आणि तेव्हाही वर्षाला फक्त १०० भारतीयांना प्रवेश होता.

खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले. क्रांतीनंतरचे सरकार मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गावांना वाटत होते आणि शेतीची जाण असलेल्या माणसांची त्याला गरज होती. कॅलिफोर्नियातल्या जुन्या ओळखी कामी आल्या. राजधानीजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मेक्सिकोच्या १९१७च्या राज्यघटनेचे कलम ३३ परदेशी माणसाला तिथल्या राजकारणात लुडबुड करायला सक्त मनाई करते आणि सरकारला त्याला देशाबाहेर काढण्याचा अधिकार देते. खानखोजेंनी मेक्सिकोचे नागरिकत्व घेतले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून मिरवण्यात त्यांना रस नव्हता आणि स्वतंत्र भारताचा पासपोर्ट तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

बंदुकीकडून बियाण्याकडे कसे वळले?

त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत फलदायी काळ. मेक्सिकोत मका म्हणजे आपली ज्वारी-बाजरी, रोजचे जेवण. शेतकऱ्याला जमीन मिळाली, पण दुष्काळात आणि कडाक्याच्या थंडीत पीक गेले तर ती जमीन पुन्हा सावकाराकडे जाणार, हे विदर्भातून गेलेल्या माणसाला सांगण्याची गरज नव्हती. खानखोजेंनी मक्याच्या नव्या वाणांवर काम केले. गहू आणि कडधान्येही होती. पाण्याचा ताण आणि थंडी सहन करणारे वाण शोधणे, हा त्यांचा ध्यास. लोक त्यांना चापिंगोचा हिंदू जादूगार म्हणू लागले.

बदनापूरच्या वाचकाला हे काम परके वाटणार नाही. इथल्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेले तुरीचे वाण मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतात पोहोचले आहेत. ‘बीडीएन ७११’ या नावातली अक्षरे बदनापूरचीच. कमी पावसात तग धरणारे वाण निवडायचे, रोगाला बळी पडणारे बाजूला काढायचे, वर्षानुवर्षे नोंदी ठेवायच्या, हे संथ काम चापिंगोतही असेच चालत होते.

वाण तयार करून खानखोजे थांबले नाहीत. शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढण्यात त्यांचा पुढाकार होता. एका शाळेला क्रांतीतला शेतकरी नेता एमिलियानो झपाटा याचे नाव होते. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही तिथे पेरणीपासून संघटनेपर्यंतचे धडे मिळत. इटलीहून आलेली छायाचित्रकार टिना मोदोत्ती हिने या शाळांची आणि मक्याच्या कणसांची छायाचित्रे काढली. चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या एका चित्रात खानखोजे जेवणाच्या टेबलाशी बसलेल्यांना भाकरी मोडून देताना दिसतात. वर्ध्याच्या माणसाचे चित्र मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर आहे. भारतातल्या किती सरकारी कचेऱ्यांत ते आहे, हे शोधावे लागेल.

मेक्सिकोतच १९३६ मध्ये त्यांनी बेल्जियमच्या जीन सिंदिक यांच्याशी विवाह केला. सावित्री आणि माया या दोन मुली. सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचे इंग्रजी चरित्र लिहिले. मराठीत वीणा गवाणकर यांनी त्यांची कहाणी वाचकांपुढे आणली.

स्वतंत्र भारतात त्यांचे स्वागत झाले का?

देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला. पण खानखोजेंनी भारतात येण्यासाठी अर्ज केला, तेव्हा व्हिसा आधी नाकारला गेला. ब्रिटिश सरकारने घातलेली बंदी कागदावर तशीच होती. राज्य बदलले, मंत्री बदलले, फायली त्याच राहिल्या. ज्यांच्याविरुद्ध ते लढले त्यांची काळी यादी स्वतंत्र भारताच्या कारकुनाने इमानाने चालू ठेवली होती. ही बंदी पुढे उठली आणि मध्य प्रांताच्या सरकारच्या निमंत्रणावरून ते शेतीविषयक सल्ला देण्यासाठी १९४९ मध्ये आले.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला राज्यघटना स्वीकारली गेली. बाकीची घटना २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली, पण नागरिकत्वाची कलमे त्याच दिवशी अमलात आली. त्यातले कलम ९ सांगते की, ज्याने स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे, तो भारताचा नागरिक ठरणार नाही. नियम सर्वांना सारखा आणि नव्या देशाला तो हवाही होता. तरी इंग्रजांचे प्रजाजन राहायचे नाही म्हणून दुसऱ्या देशाचा आसरा घेतलेल्या माणसाला तो नियम कुठे नेऊन ठेवतो, याचा विचार घटना लिहिणाऱ्यांना करावा लागला नाही, कारण अशी माणसे संख्येने फारच थोडी होती. भारतीय वंशाच्या व्यक्तीला नोंदणीने नागरिकत्व मिळवण्याची वाट १९५५च्या नागरिकत्व कायद्याने मोकळी केली.

खानखोजे अखेर नागपुरात स्थायिक झाले. तारुण्यात ज्या शहरातून निघाले, तिथेच. जानेवारी १९६७ मध्ये तिथे त्यांचे निधन झाले. त्या सुमारास मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी तयार केलेल्या बुटक्या गव्हाचे बियाणे भारतात येत होते आणि हरितक्रांतीची चर्चा सुरू झाली होती. मेक्सिकोचे बियाणे आणि भारताची शेती यांचा संबंध देशाला तेव्हा नवा वाटला. सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभाध्यक्ष ओम बिर्ला यांनी चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजेंच्या पुतळ्याचे अनावरण केले. तोवर त्यांच्या मृत्यूला ५५ वर्षे झाली होती.

आज परदेशस्थांच्या मताचे काय?

मेक्सिकोने १९९८ पासून आपल्या जन्मजात नागरिकांना दुहेरी नागरिकत्वाची मुभा दिली आणि २००६च्या अध्यक्षीय निवडणुकीपासून परदेशातून मतदानही सुरू केले. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने परदेशात राहणाऱ्या नागरिकाला आपल्या शेवटच्या राज्यातून मतपत्रिका मागवता येते. तो कधी परतणार, याला महत्त्व नाही.

भारताने २०१० मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती करून परदेशात असलेल्या भारतीय नागरिकांना मतदार यादीत जागा दिली. टपाली किंवा ऑनलाइन मतदानाची सोय मात्र दिली नाही. परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत १ लाख १९ हजारांहून अधिक परदेशस्थ मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष मतदान केले २,९५८ जणांनी आणि त्यातले २,६७० एकट्या केरळचे. आखातातून केरळचे विमान जवळचे आणि तिथे मतदारांना घेऊन येणाऱ्या संघटनाही सक्रिय आहेत. टेक्सासहून बदनापूरला येणे हा वेगळाच हिशेब.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना ‘ओसीआय’ कार्ड मिळते. त्यावर ये-जा करता येते, राहता येते. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली चालते.

नाव नोंदवायचे असेल तर नमुना ६-अ भरावा लागतो. पासपोर्टवर भारतातला जो पत्ता आहे, त्याच मतदारसंघात नाव लागते. बदनापूरचा पत्ता असेल तर अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला बदनापूर विधानसभा मतदारसंघ आणि जालना लोकसभा. परदेशस्थ मतदाराला ओळखपत्र दिले जात नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो.